आभासी इंटरफेस काढला आणि चारपैकी दोन शाखांचे रूट गेले

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. अडचण आहे, आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आत ती सुटायला हवी.

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एक डेबियन सर्व्हर आहे. त्याच्या नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी३एस०, पत्ता १९२.१६८.१०.५. तीन वर्षांपूर्वी जुना सर्व्हर मोडीत काढला तेव्हा त्याचा १९२.१६८.१०.२ हा पत्ता नव्यावर ईएनपी३एस०:१ असा आभासी इंटरफेस करून ठेवला होता, म्हणजे जिथे जिथे जुना पत्ता भरलेला आहे तिथलं काम अडू नये. हे सगळं माझ्या आधी इथे असलेल्या गृहस्थांनी केलं. आता सगळी मशीन .५ वर आणली आहेत, म्हणून आज दुपारी कामकाज संपल्यावर 'आयएफकॉन्फिग ईएनपी३एस०:१ डाउन' केलं.

चार शाखा आहेत: विटा, तासगाव, पलूस, जत. चौघींचे रूट (म्हणजे अमुक नेटवर्कला जायचं तर पॅकेट कुणाकडे द्यायचं याच्या नोंदी) एकाच राउटरवरून, म्हणजे १९२.१६८.१०.२५४ वरून जातात. विटा १०.२०.१.०/२४, तासगाव १०.२०.२.०/२४, पलूस १०.२०.३.०/२४ आणि जत १०.२०.४.०/२४. इंटरफेस काढल्यावर विटा आणि तासगाव व्यवस्थित चालू, पलूस आणि जत बंद. 'रूट -एन' बघितलं तर त्या दोन ओळीच गायब.

कार्ड तेच, गेटवे तोच, मग दोनच कसे जातात? हाताने परत घालायला गेलो तर काहीतरी एरर आला. त्या वेळी पलूसचे शाखाधिकारी फोनवर होते, नीट वाचला नाही. शेवटी सर्व्हर रीस्टार्ट केला, .२ परत आला आणि चारही शाखा सुरू झाल्या. म्हणजे आज सुटलो, पण .२ काढायचाच आहे. तो पत्ता आता दुसऱ्या यंत्राला हवाय.

---

शेंगदाणा | शनिवार, रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही अशी एक 'कुणी हात लावू नका' छाप जोडणी आहे.

---

ठाणेकर_७ | शनिवार, रात्री १०:०५

सरळ आहे. इंटरफेस गेला की त्यावरचे रूट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः झाडून टाकतो, आणि परत कधी लावत नाही. इंटरफेस डाउन करून अप केला तरी फक्त त्या पत्त्याच्या सबनेटचा (तो ज्या स्थानिक नेटवर्कात आहे त्याचा) रूट परत येतो, कारण तो पत्त्याबरोबरच जन्मतो. हाताने घातलेले रूट गेले ते गेले. पलूस-जतचे रूट :१ वर लावलेले असणार, बाकीचे मुख्य कार्डावर.

---

जुना_तारवाला | शनिवार, रात्री १०:२२

ठाणेकर, पहिला अर्धा भाग बरोबर. दुसरा नाही. :१ वर रूट वेगळा बसत नाही, तो मुख्य कार्डावरच बसतो, कारण :१ हा इंटरफेसच नाही. तो पत्त्याला चिकटवलेला एक नावाचा कागद आहे. फार पूर्वीच्या कर्नलमध्ये तो खराखुरा वेगळा इंटरफेस असायचा, पुढे तो काढून पत्त्याचं नुसतं लेबल केलं. आज 'आयएफकॉन्फिग ईएनपी३एस०:१ डाउन' म्हटलं की कुठलाही इंटरफेस डाउन होत नाही, त्या लेबलाचा पत्ता तेवढा काढला जातो. कार्ड जागच्या जागी.

माझा संशय वेगळा. एकाच सबनेटमधले दोन पत्ते एका कार्डावर असले की आधी घातलेला प्रायमरी, नंतरचा सेकंडरी. प्रायमरी काढला की त्याच्या मागचे सेकंडरीही जातात, 'प्रमोट_सेकंडरीज' हे कर्नलचं सेटिंग शून्य असेल तर. आणि कार्डावर एकही पत्ता उरला नाही की त्या कार्डावरचे सगळे रूट साफ. १९९९ पासून या कामात आहे, या एका गोष्टीने रात्रीच्या रात्री गेल्या आहेत.

कृष्णाकाठ, 'आयपी ॲडर' चालवा आणि 'सेकंडरी' हा शब्द कोणत्या पत्त्यासमोर आहे ते सांगा.

---

विद्यार्थी_दशा | शनिवार, रात्री १०:३१

प्रश्न बाळबोध आहे, पण विचारतोच. पत्ता काढला तर रूट का जावा? रूट म्हणजे 'पलूसला जायचं असेल तर त्या राउटरकडे दे' एवढंच ना? त्यात आपल्या पत्त्याचा संबंध कुठे आला?

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:४४

तारवाला काका, बघितलं. 'सेकंडरी' हा शब्द .२ च्या समोर आहे. .५ प्रायमरी आहे. आणि 'प्रमोट_सेकंडरीज' १ आहे.

शिवाय सगळे पत्ते गेले असते तर एसएसएचसुद्धा (सर्व्हरवरचं दुरून लॉगिन) तुटलं असतं. ते चालूच होतं, फोनवर बोलता बोलता मी त्याच खिडकीत टाइप करत होतो.

---

जुना_तारवाला | शनिवार, रात्री १०:५०

मग माझा संशय बाद. चांगलं झालं, एक दार बंद झालं. पुढे शोधू.

---

पेडणेकार | शनिवार, रात्री ११:१०

या विषयावरचा माझा अनुभव लिहितो. उत्तर नाही, पण कुणाची तरी रात्र वाचेल.

पणजीत बसून दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमधला एक केव्हीएम सर्व्हर (ज्यावर आभासी मशीन चालतात असा) सांभाळतो. त्यावर बीआर० नावाचा ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, होता, आभासी मशीन त्याला जोडलेल्या. ती सगळी मशीन दुसरीकडे हलवली, ब्रिज रिकामा दिसला, 'आयपी लिंक डेल बीआर०' मारलं. कर्सर थांबला तो थांबलाच. ब्रिज करताना भौतिक कार्डाचा पत्ता आणि डिफॉल्ट रूट आपण ब्रिजवर हलवतो. ब्रिज पुसला की पत्ता गेला, रूट गेला आणि कार्ड बिचारं बिनपत्त्याचं उभं. मॉनिटर जोडायला माणूस मिळेपर्यंत पहाटेचे साडेतीन झाले.

तेव्हापासून दुसऱ्या गावच्या मशीनवर नेटवर्कला हात लावायच्या आधी 'शटडाउन -आर +१०' टाइप करतो. दहा मिनिटांत सगळं ठीक असेल तर 'शटडाउन -सी'. ठीक नसेल तर मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन फाइलमधल्या जुन्या मांडणीवर येते. उबंटूवाल्यांना 'नेटप्लॅन ट्राय' आहे, १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर स्वतःच मागे फिरतं.

---

शेंगदाणा | शनिवार, रात्री ११:१४

पेडणेकार, हे लिहून भिंतीवर लावणार. वाचनखूण साठवली.

---

रानवारा | शनिवार, रात्री ११:२०

मी म्हणेन .२ राहू द्या. एका जादा पत्त्याने कुणाचं काय बिघडतंय? त्या दुसऱ्या यंत्राला .३ द्या आणि सुखाने झोपा.

---

मुग्धा_नेट | शनिवार, रात्री ११:४५

रानवारा, इथे मी ठामपणे असहमत आहे. आज .२ काढल्यावर दोन शाखा बंद पडतात आणि का ते कुणाला सांगता येत नाही. असा सर्व्हर पतसंस्थेच्या खातेदारांच्या कामावर ठेवणं बरोबर नाही. उद्या कार्ड जळलं आणि नवीन मशीन उभं करावं लागलं, तर तेव्हा हेच कोडं भर दुपारी, काउंटरसमोर रांग असताना सोडवावं लागेल. शनिवारची रात्र त्यापेक्षा बरी.

कृष्णाकाठ, तीन गोष्टी द्या.

एक, 'रूट -एन' नको, 'आयपी रूट शो टेबल ऑल' चं आऊटपुट. 'रूट -एन' मध्ये ठिकाण, गेटवे, मास्क, फ्लॅग्ज, मेट्रिक, रेफ, यूज आणि इंटरफेस एवढेच रकाने असतात. रूटबरोबर कर्नलने आणखी काय बांधून ठेवलंय ते त्यात दिसतच नाही.

दोन, हे रूट मुळात कोण लावतं? '/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' फाइल की एखादी स्क्रिप्ट?

तीन, तो एरर. शब्द आठवत नसतील तर टर्मिनलमध्ये वर सरकून बघा, कदाचित अजून असेल.

---

अटकेपार | शनिवार, रात्री ११:५२

इथे जर्मनीत अजून संध्याकाळच आहे, त्यामुळे जागा आहे. मुग्धाताई नेमक्या कुठे चालल्या आहेत ते कळतंय. गप्प बसतो, मजा घालवत नाही.

तोवर अवांतर: व्हीलॅनवाल्यांनी (एकाच कार्डावर अनेक वेगळी आभासी नेटवर्क चालवणाऱ्यांनी) लक्षात ठेवा. मुख्य कार्ड डाउन केलं की त्यावरचे व्हीलॅनही डाउन होतात आणि त्यांच्यावरचे रूट जातात. कार्ड अप केलं की व्हीलॅन अप होतात, पण हाताने लावलेले रूट येत नाहीत. सगळं हिरवं दिसतं आणि काहीच चालत नाही. केबल उपटणं मात्र वेगळं. तेव्हा रूट पुसला जात नाही, त्यावर 'लिंकडाउन' अशी खूण होते, केबल लावली की खूण निघते. त्यामुळे 'केबल काढून बघितलं, सगळं परत आलं' ही चाचणी 'डाउन करून बघितलं' च्या जागी चालत नाही.

---

विद्यार्थी_दशा | रविवार, रात्री १२:०३

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही अजून :)

---

मुग्धा_नेट | रविवार, रात्री १२:०९

तुझा प्रश्न बाळबोध नाही, तोच या धाग्याचा कणा आहे. कृष्णाकाठांचं आऊटपुट येऊ दे, मग सांगते.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ७:३५

रात्री घरी आलो होतो, आता ऑफिसात येऊन बसलोय. वॉचमन काकांनी चहा दिला.

'आयपी रूट' च्या कामाच्या ओळी अशा:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१०.१ डेव्ह ईएनपी३एस०
१०.२०.१.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनपी३एस०
१०.२०.२.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनपी३एस०
१०.२०.३.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनपी३एस० एसआरसी १९२.१६८.१०.२
१०.२०.४.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनपी३एस० एसआरसी १९२.१६८.१०.२

पेस्ट करता करताच दिसलं. शेवटच्या दोन ओळींना 'एसआरसी .२' आहे. रूट एक स्क्रिप्ट लावते, मशीन सुरू होताना चालते, आधीच्या गृहस्थांनी लिहिलेली. त्यातही हेच आहे, शेरा काहीच नाही.

एररही सापडला. काल मी हिस्टरीतून त्यांचीच ओळ उचलून चालवली होती. 'एरर: इनव्हॅलिड प्रेफएसआरसी ॲड्रेस.' कर्नल कालच नाव घेऊन सांगत होता.

---

मुग्धा_नेट | रविवार, सकाळी ८:२०

सापडलं.

'एसआरसी' म्हणजे या रूटवरून आपण स्वतः पहिलं पॅकेट पाठवलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून कोणता लिहायचा. कार्डावर एकच पत्ता असेल तर हे लिहायची गरज पडत नाही, कर्नल गेटवेच्या सबनेटमधला प्रायमरी पत्ता घेतो. दोन पत्ते असले आणि दुसराच वापरायचा असला तर रूटवर तसं लिहावं लागतं.

आता विद्यार्थी, तुझं उत्तर. पत्ता मशीनवरून पूर्ण गेला की कर्नल सगळे रूट चाळतो, आणि ज्यांच्यावर 'पाठवणारा: हा पत्ता' लिहिलेलं आहे ते मेलेले धरून काढून टाकतो. रूट कोणत्या कार्डावर आहे, गेटवे चालू आहे की नाही, याच्याशी त्याला घेणं नाही. जो पत्ता आपला नाही तो पाठवणारा म्हणून लिहिता येणार नाही, म्हणून रूटच रद्द. म्हणून कार्ड तेच, गेटवे तोच, आणि तरी दोन गेले, दोन राहिले. परत घालतानाचा एररही त्याच कारणाने.

खात्री म्हणून सकाळी घरच्या लॅपटॉपवर करून बघितलं. 'आयपी नेटएनएस ॲड चाचणी', म्हणजे एक स्वतंत्र नेटवर्क कप्पा, त्यात मशीनच्या खऱ्या नेटवर्कला धक्का लागत नाही. आत एक डमी इंटरफेस, अप केलेला. त्यावर आधी १०.९.०.५/२४, मग १०.९.०.२/२४. १०.९.०.२५४ वरून तीन रूट: एक बिन-एसआरसी, एक एसआरसी .५, एक एसआरसी .२. मग .२ काढला. पहिले दोन जागेवर, तिसरा गेला. .२ परत घातला, तिसरा आला नाही. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. ज्यांना अशा गोष्टी शिकायच्या आहेत त्यांनी हा कप्पा जरूर करून बघावा, काही मोडत नाही.

---

विद्यार्थी_दशा | रविवार, सकाळी ८:४१

केलं! तिसरा खरंच गेला. मग .५ काढला तर बिन-एसआरसीवालासुद्धा गेला, कारण तो शेवटचा पत्ता होता. तारवाला काकांनी रात्री लिहिलेलं तेच ना?

---

जुना_तारवाला | रविवार, सकाळी ८:५५

तेच. शाब्बास.

आणि मुग्धाबाई, मान्य. 'रूट -एन' मी पंचवीस वर्षं वापरतोय आणि या ठिकाणी त्याने बरोबर महत्त्वाची गोष्ट लपवली. तसंच 'आयएफकॉन्फिग' चं. 'आयपी ॲडर ॲड' ने लेबल न देता घातलेला दुसरा पत्ता 'आयएफकॉन्फिग' ला दिसतच नाही. बोटांना सवय आहे, पण बघण्यापुरतं तरी 'आयपी' वापरायला हवं. आजपासून वापरतो.

---

ठाणेकर_७ | रविवार, सकाळी ९:१०

मग झालं की. स्क्रिप्टमधून दोन 'एसआरसी .२' पुसा, रूट नुसते लावा, .२ काढा.

---

अटकेपार | रविवार, सकाळी ९:३०

थांबा. ते 'एसआरसी' लिहिणारा माणूस वेडा नव्हता. चारपैकी दोनच शाखांना लिहिलंय, म्हणजे कारण आहे. पुसण्याआधी ते शोधा. बहुधा त्या दोन शाखांच्या राउटरवर परवानगीच्या यादीत फक्त .२ असेल.

---

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १२:१५

अटकेपार, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पण मी तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच पुढे गेलो होतो. काय झालं ते सांगतो.

स्क्रिप्टमधले 'एसआरसी' काढले, .२ काढला, रूट नुसते लावले. पलूसच्या शाखाधिकाऱ्यांना विनंती केली, ते रविवार असून कुलूप उघडून बसले. त्यांच्या मशीनवरून सॉफ्टवेअर उघडलं, खातं दिसलं, चाचणीची नोंद झाली. मला वाटलं सुटलं.

मग रात्रीच्या कामाची आठवण झाली. सर्व्हर रोज रात्री शाखेच्या मशीनवरून दिवसअखेरची फाइल आरसिंकने ओढतो. तो हाताने चालवला. पलूस गप्प, जत गप्प. विटा-तासगाव एका झटक्यात.

---

मुग्धा_नेट | रविवार, दुपारी १२:३०

हे बरोबर बसतं. शाखेने जोडणी सुरू केली की शाखेचा राउटर उत्तर आत येऊ देतो, आणि उत्तराचा पत्ता त्याच जोडणीचा, म्हणजे .५. तिथे रूटवरचा 'एसआरसी' विचारला जात नाही. सर्व्हरने जोडणी सुरू केली की मात्र पहिल्या पॅकेटवर पाठवणारा कोण हे रूटवरून ठरतं. पूर्वी ते .२ जायचं, आता .५ जातंय, आणि त्या राउटरला .५ ओळखीचा नाही.

आणखी एक. काल रूट गेल्यावर पलूसची पॅकेटं 'जागा नाही' म्हणून परत येत नव्हती. 'आयपी रूट गेट १०.२०.३.१५' केलं असतंत तर 'व्हाया १९२.१६८.१०.१' दिसलं असतं. खास रूट नसला की पॅकेट डिफॉल्टकडे जातं, म्हणजे तुमच्या ब्रॉडबँडकडे, आणि तिथे मुकाट्याने हरवतं. म्हणून एरर न दिसता नुसतं लटकत होतं. असं लटकलं की 'आयपी रूट गेट' आधी चालवा.

---

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी २:०५

राउटर बघणाऱ्या माणसाला फोन लावला, जेवत होते तरी उठले. पलूस आणि जतच्या राउटरच्या यादीत फक्त .२ होता. विटा आणि तासगावचे राउटर नंतर बदलले, त्यात पूर्ण १९२.१६८.१०.०/२४ ला परवानगी. म्हणून दोनच 'एसआरसी'. यादीत .५ घातला, आरसिंक चालवला, दोन्ही फाइली आल्या.

स्क्रिप्टमध्ये आता प्रत्येक ओळीवर मराठीत शेरा लिहिलाय: कोणती शाखा, कोणता राउटर, काय का आहे.

---

रानवारा | रविवार, दुपारी २:२०

माझं म्हणणं मागे घेतो. .२ ठेवला असता तर हे कधीच कळलं नसतं.

---

शेंगदाणा | रविवार, दुपारी ३:००

धागा भरलाच आहे तर माझंही विचारून घेतो. डॉकरच्या (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) मशीनवर मी एका ब्रिजवरून हाताने रूट लावलाय. 'कंपोज डाउन' केलं की तो जातो, 'अप' केलं की ब्रिजचं नावच बदलतं, बीआर आणि पुढे काहीतरी बारा अक्षरं. माझी स्क्रिप्ट जुनं नाव शोधत बसते.

---

मुग्धा_नेट | रविवार, दुपारी ३:१८

'डाउन' मध्ये डॉकर तो ब्रिज पुसतो, 'अप' मध्ये नवं नेटवर्क नव्या क्रमांकाने करतो, आणि नाव त्या क्रमांकावरून येतं. कंपोज फाइलमध्ये नेटवर्कच्या ड्रायव्हर ऑप्शनमध्ये 'कॉम.डॉकर.नेटवर्क.ब्रिज.नेम' लिहून नाव पक्कं करा, सबनेटही तिथेच पक्का करा. रूट तरीही दर वेळी परत लावावा लागेल. ब्रिज नवा, त्याला जुना रूट माहीत नसतो.

आणि त्या ब्रिजसाठी 'आयपी रूल' (कोणत्या पॅकेटसाठी कोणतं रूट टेबल बघायचं हे सांगणारे नियम) घातले असतील तर तेही तपासा. रूल इंटरफेसबरोबर पुसले जात नाहीत. 'आयपी रूल' च्या यादीत इंटरफेसच्या नावापुढे '[डिटॅच्ड]' दिसेल. इंटरफेस गेला, रूल तिथेच बसून आहे. पुढे कधी त्याच नावाचा इंटरफेस आला की तो परत जागा होतो.

---

पेडणेकार | रविवार, दुपारी ४:४०

व्हीपीएनचंही घ्या यात. ओपनव्हीपीएनमध्ये 'रिडायरेक्ट-गेटवे' ला 'डेफ१' न लावता वापरलं तर ते मूळ डिफॉल्ट रूट काढून स्वतःचा लावतं आणि नीट बंद केलं की मूळ परत ठेवतं. पण प्रोसेस 'किल -९' ने मारली तर परत ठेवायला ती जिवंतच नसते. टन (व्हीपीएनचा आभासी) इंटरफेस जातो, त्यावरचा डिफॉल्ट जातो, आणि जुना कुणी परत लावत नाही. उरतो फक्त व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारा एकटा रूट, कारण तो भौतिक कार्डावर आहे. 'डेफ१' लावलं की मूळ डिफॉल्टला हात न लावता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन अर्धे रूट वर ठेवले जातात. ते जास्त नेमके म्हणून जिंकतात. टन गेला की दोन्ही अर्धे जातात, खालचा मूळ तसाच असतो. हे ज्याने सुचवलं त्याला माझा दंडवत.

---

विद्यार्थी_दशा | रविवार, संध्याकाळी ६:१०

मी दुसऱ्या खिडकीत 'आयपी मॉनिटर रूट' लावून डमी इंटरफेस डाउन केला. रूट गेले, पण हाताने घातलेल्या रूटची एकही 'डिलीटेड' ओळ आली नाही. माझं काही चुकतंय का?

---

मुग्धा_नेट | रविवार, संध्याकाळी ६:२५

तुझं चुकत नाहीये. आयपीव्ही४ मध्ये इंटरफेस डाउन झाला म्हणून जे रूट झाडले जातात त्यांची प्रत्येकी सूचना कर्नल पाठवत नाही. लिंक डाउन झाल्याची सूचना येते, रूट गेले हे आपण त्यावरून ओळखायचं. 'आयपी मॉनिटर ऑल' लाव, लिंकची ओळ दिसेल. म्हणूनच मी नुसत्या मॉनिटरवर विसंबत नाही. आधीची आणि नंतरची 'आयपी रूट शो टेबल ऑल' फाइलमध्ये ठेवते आणि 'डिफ' मारते. कृष्णाकाठांकडे शनिवारी दुपारी अशी आधीची फाइल असती तर दोन ओळी शेजारी शेजारी 'एसआरसी .२' म्हणत दिसल्या असत्या.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:२०

आज सकाळचं सांगतो.

साडेनऊला चारही शाखा सुरू. पावणेदहाला जतहून फोन: पासबुक छापत नाही. बाकी सगळं चालू. माझ्या पोटात गोळा आला, पण या वेळी क्रमाने गेलो. 'आयपी रूट गेट' बरोबर, .२५४ वरून. पिंग बरोबर. मग सर्व्हरवर 'टीसीपीडम्प -एन -आय ईएनपी३एस० एआरपी' लावलं आणि जतच्या मॅडमना म्हटलं, परत छापा. त्यांनी बटण दाबलं की लगेच ओळी पडायला लागल्या:

एआरपी, रिक्वेस्ट हू-हॅज १९२.१६८.१०.२ टेल १९२.१६८.१०.२५४

दर सेकंदाला एक. म्हणजे जतमधल्या एका मशीनवर पासबुकच्या सेटिंगमध्ये अजून जुना पत्ता आहे. पॅकेट आमच्या राउटरपर्यंत येतं, राउटर सगळ्यांना विचारतो '.२ कोण आहे?', आणि .२ कुणीच नाही.

मॅडमना फोनवर सांगत सेटिंग उघडलं, २ चा ५ केला. ओळी थांबल्या, आणि फोनमधून छपाईचा आवाज ऐकू आला. रांगेतले पहिले आजोबा पासबुक घेऊन गेले असं त्या म्हणाल्या.

नव्या यंत्राला .२ लगेच देत नाही. टीसीपीडम्प आठवडाभर .२ वर लावून ठेवतोय, अजून कोण जुन्या पत्त्यावर हाक मारतंय ते दिसेल.

---

जुना_तारवाला | सोमवार, सकाळी ११:३२

आठवडा नको, महिना ठेवा. महिनाअखेरीला एकदाच चालणारं काहीतरी असतंच.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:४०

काका, खरंय. व्याजाचा हिशोब ३१ तारखेला चालतो. तोवर ठेवतो आणि १ तारखेला इथे लिहितो.